म्हातारी घोडी सकाळी आखडते, चालवायची की बांधून ठेवायची?

वाई_घाटमाथा:

नमस्कार मंडळी. आमची मैना नावाची घोडी आहे, तट्टूच म्हणा, उंचीला सव्वाशे सेंटीमीटर असेल. दात बघणारे २२-२३ वर्षं सांगतात. वडिलांनी तिला पाचगणीला टेबललँडवर चालवली, तुझं शिक्षण तिच्या पाठीवर झालंय असं आई म्हणते आणि ते खरंच आहे. आता कामावरून काढलीय, खाली वाईजवळ गावी असते.

प्रॉब्लेम असा की सकाळी शेडमधून बाहेर काढली की पहिली पावलं पाय न वाकवताच टाकते. पुढच्या उजव्या पायाचा खुराच्या वरचा सांधा डाव्यापेक्षा जाड दिसतो, हाताला कडक लागतो, गरम नाही. मागचे खूर टोकाला घासलेत कारण पाय नीट उचलतच नाही, ओढत आणते. विहिरीपर्यंत जाऊन आली की मोकळी होते, मग बघणाऱ्याला कळणारही नाही की हिला काही होतंय. उतार आला की मात्र थांबते, तिरकी तिरकी होऊन उतरते. पावसात आणि थंडीत त्रास जास्त. आणि नालबंद आला की मागचा पाय उचलू देत नाही, आधी कशी गुपचूप उभी राहायची, आता पाय हिसकते नाहीतर त्याच्या अंगावर बसायलाच येते.

गावातल्या डॉक्टरांनी बघितलं, वय झालंय म्हणाले, इंजेक्शन दिलं. दोन-तीन दिवस एकदम फ्रेश, परत जैसे थे. आता घरात प्रत्येकाचं वेगळं. वडील म्हणतात काम बंद केलं म्हणून आखडली, सीझनला इंजेक्शन देऊन वर नेऊ, हलकी पोरं बसवू. चुलते म्हणतात अजिबात हलवू नका, बांधून ठेवा, आराम द्या. शेजारचे आजोबा म्हणतात सांध्यावर तापल्या लोखंडाचा डाग द्या नाहीतर बिब्बा लावा. मेडिकलवाला कसली तरी पावडर द्यायला तयार आहे. कुणाचं ऐकू कळत नाहीये. कमाई नकोय तिच्याकडून, दुखणं कमी व्हावं एवढंच. खायला कोंडा, गूळ, कडबा आणि उसाचं वाढं असतं. ज्यांनी म्हातारं घोडं सांभाळलंय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.

पागेतला_डॉक्टर:

फार बारकाईने लिहिलंय तुम्ही, त्यामुळे बरंच सांगता येतं. मी व्हेट आहे, गाई-म्हशींबरोबर घोडेही बघतो. न बघता निदान करणार नाही, पण सकाळी आखडणं, चालून मोकळं होणं, सांधा जाड आणि कडक पण गरम नाही, मागचे खूर टोकाला घासणं, हे सगळं सांधे झिजल्याचंच लक्षण वाटतं. सांध्यात हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते आणि मध्ये वंगणासारखा चिकट द्रव. टेबललँडच्या कडक जांभ्यावर वर्षानुवर्षं पळून, गर्रकन वळून ती कूर्चा झिजते, द्रव पातळ होतो, आणि मग शरीर सांध्याच्या कडेने नवीन हाड घालत बसतं, तुमच्या हाताला कडक लागतंय ते बहुतेक तेच. झिजलेली कूर्चा परत येत नाही, कुठल्याही औषधाने नाही, कुणी तसं सांगून काही विकत असेल तर घेऊ नका. पण दुखणं आटोक्यात ठेवून अशी घोडी वर्षानुवर्षं सुखात राहू शकते.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर: चालवा, बांधून ठेवू नका, पण पाठीवर कुणी नको. बांधून ठेवलं की सांधे अजून आखडतात, आजूबाजूचे स्नायू गळतात आणि मग सांध्याला आधारच राहत नाही. सगळ्यात उत्तम म्हणजे दिवसभर कुंपणाच्या आत मोकळी सोडायची, ती स्वतःच्या चालीने चरत चरत हिंडते तेवढा व्यायाम तिला पुरतो. तशी जागा नसेल तर सकाळ-संध्याकाळ पंधरा-वीस मिनिटं हातात धरून, सपाट आणि मऊ जमिनीवर, सरळ रेषेत चालवा. खुंट्याला लांब दोर लावून गोल गोल फिरू देणं किंवा लहान गोलात पळवणं बंद, वळताना झिजलेल्या सांध्यावर एका बाजूने भार येतो.

आता दोन गोष्टी आधी तपासा. पहिली म्हणजे हे खुराचं दुखणं तर नाही ना. म्हाताऱ्या तट्टांना लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या थराची सूज, पटकन होतो आणि घरचे त्याला सांधेदुखी समजतात. त्यात घोडी चालून मोकळी होत नाही, कडक जमिनीवर आणि वळताना उलट जास्त दुखतं, उभी राहताना पुढचे पाय पुढे टाकून वजन मागे घेते, खूर गरम लागतो. फेटलॉकच्या, म्हणजे तो जाड झालेला सांधा ना, त्याच्या मागे दोन्ही कडांना बोटं हलकी टेकवून नाडी बघा. ठणठणीत घोड्यात ती शोधावी लागते, लॅमिनायटिसमध्ये ठोके बोटांना थडाथडा लागतात. रोज सकाळी बघत जा म्हणजे तिची नेहमीची नाडी हाताच्या ओळखीची होईल. आणि एखाद दिवशी अचानक एक पाय टेकतच नाही असं झालं तर ते बहुतेक वेळा खुरात पू झालेला असतो, पावसात हे फार होतं.

दुसरी गोष्ट खुराक, आणि खरं सांगू का, मला तुमच्या पोस्टमध्ये सगळ्यात जास्त काळजी त्याच ओळीची वाटली. गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम कमी. उसाच्या वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते पोटातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. गाई-म्हशींच्या पोटात त्यातलं बरंचसं मोडलं जातं, घोड्यात तसं होत नाही. हे दोन्ही रोज मिळालं की शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढायला लागतं, मग आज हा पाय आखडला, उद्या तो, असं फिरतं लंगडणं सुरू होतं, पुढे गालाची हाडं फुगतात. मैनाला हेच झालंय असं म्हणत नाही, पण वाढं आजपासून बंद करा, गूळही बंद, आणि कोंडा हळूहळू मूठभरावर आणा. चांगलं वाळलेलं गवत आणि थोडा लसूणघास सुरू करा, घासात कॅल्शियम असतं. बदल आठ-दहा दिवसांत सावकाश करा, एकदम केला तर पोट धरेल.

एक्स-रे काढता आला तर नक्की काढा. शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळच आहे. तिथे घोडी सरळ चालवून, दुडकी चालवून बघतील, एकेक सांधा मिनिटभर दुमडून धरतील आणि लगेच पळवून बघतील, गरज पडली तर नस बधिर करून कुठला सांधा दुखतोय ते शोधतील. हॉकच्या, म्हणजे मागच्या पायाच्या मधल्या सांध्याच्या, खालच्या बारक्या सांध्यांत झीज असेल, जुने लोक ज्याला हड्डा म्हणतात, तर त्याचं पुढचं गणित वेगळं असतं. ते बारके सांधे कधी कधी आपोआप जुळून एक होतात आणि दुखणं बरंच थांबतं.

औषधांचं थोडक्यात. मेडिकलवाल्याची पावडर नको. आपल्याकडे घोड्यांना बहुतेक मेलॉक्सिकॅम हे पेनकिलर देतो, किलोमागे ०.६ मिलीग्रॅम, दिवसातून एकदा, पण किती दिवस आणि कधी थांबवायचं ते तपासलेल्या डॉक्टरने ठरवायचं. ही सगळी औषधं पोटात व्रण करू शकतात आणि घोडी पाणी कमी पीत असेल तर किडनीला मारतात. दोन पेनकिलर एका वेळी कधीच नाहीत. खाणं सोडलं, शेण पातळ झालं, दात करकरा खायला लागली तर ताबडतोब बंद. आणि वजन अंदाजाने धरू नका. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर मोजा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंत लांबी मोजा, सगळं सेंटीमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११८८०, येईल ते किलो.

खूर_आणि_नाल:

राम राम भाऊ. डॉक्टरसाहेबांनी सगळं सांगितलंच आहे, मी खुराचं तेवढं सांगतो, वाडवडलांपासून आमच्यात नालबंदी आहे.

पाय हिसकते म्हणून तिला खोडील म्हणू नका आणि नाकाला दोरीचा पिळा पण घालू नका. मागच्या पायाची रचनाच अशी आहे की खालचा हॉक दुमडला की त्याच्या वरचा सांधा आपोआप दुमडतो, एक मोकळा ठेवून दुसरा वाकवता येत नाही. त्यात नालबंद सवयीने पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतो आणि बाहेरच्या अंगाला ओढतो. तरण्या घोड्याला काही वाटत नाही, म्हातारीचा जीव जातो तिथे. आणि तो पाय वर असताना तिचं सगळं वजन दुसऱ्या दुखऱ्या पायावर, मग ती अंगावर बसणार नाही तर काय करणार. तिचा पाय जमिनीपासून वीतभरच उचलायचा, पोटाखाली सरळ रेषेत ठेवायचा, वाकायचं ते आपण वाकायचं. चार वेळा कानस मारली की खाली ठेवायचा, तिला उभं राहू द्यायचं, दुसरा घ्यायचा, परत पहिल्यावर यायचं. वेळ लागतो. जो नालबंद घाईत आहे त्याला म्हातारं घोडं दाखवूच नका. भिंतीच्या कडेला उभी केली तर ती भिंतीला टेकते, तिला बरं पडतं. आणि तो यायच्या आधी तिला चालवून मोकळी करून ठेवा, शेडमधून काढली आणि लगेच पाय उचलला असं नको. औषध चालू असेल तर त्या दिवशीचा डोस कितीला द्यायचा ते डॉक्टरांना विचारून घ्या.

आता खूर. पुढचं टोक लांब वाढलं की पाय उचलताना तेवढ्याच जोराने वरच्या सांध्यावर ताण येतो. म्हणून टोक आखूड आणि पुढून गोल ठेवायचं, म्हणजे पाऊल सहज सुटतं, टाच मात्र कापून कापून खाली बसवायची नाही. लोक काय करतात, घोडं कामावर नाही म्हणून तीन-तीन महिने नालबंद बोलवत नाहीत, तिथेच वाट लागते. दीड महिन्याच्या आत एकदा हात फिरायलाच पाहिजे. आणि काम नाही तर लोखंडी नाल कशाला, काढून टाका, डांबरावर घसरतो आणि हादरा सरळ सांध्यात जातो. नाल काढल्यावर सुरुवातीला खडीवरून नेऊ नका, तळवा घट्ट व्हायला वेळ लागतो. मागचे खूर टोकाला फारच घासले असतील तर फोटो टाका, बघून सांगतो.

लाल_मातीची_लेक:

आमचे घोडे माथेरानला. तिथे खाजगी मोटारी नाहीत त्यामुळे माणूस काय आणि सामान काय, बरंचसं घोड्याच्या पाठीवर किंवा माणसाच्या हाताने, आणि चढ-उतार नुसता. म्हातारी घोडी आमच्या घरात आजी म्हणूनच सांभाळतात, आत्ताही एक आहे.

मी एकच विचारते, मैना रात्री झोपते का, म्हणजे आडवी होते का? घोडं उभ्याने डुलकी काढतं हे खरं, पण गाढ झोप त्याला आडवं झाल्याशिवाय येत नाही. सांधे दुखायला लागले की उठता येणार नाही या भीतीने ते आडवंच होत नाही, मग असं बरेच दिवस चालतं आणि एक दिवस उभ्याउभ्या झोप लागते आणि पुढच्या पायांवर कोसळतं, दचकून परत उठतं. तिच्या पुढच्या फेटलॉकवर समोरच्या बाजूने हात फिरवून बघा, केस गेलेले किंवा खपली धरलेली दिसली तर हेच चाललंय समजा. सकाळी अंगाला, कुशीला भुसा चिकटलेला दिसतो का तेही बघा, त्यावरून आडवी झाली होती का कळतं.

आमच्या आजीच्या फेटलॉकवर अशाच खपल्या होत्या आणि आम्ही सगळे म्हणत होतो दगडाला ठेचकाळली असेल. शेडमध्ये शहाबादी फरशी होती. गोठ्यात गाईंना घालतात त्या रबराच्या मॅट मिळतात, त्या टाकल्या आणि वर भाताच्या तुसाचा जाड थर, भिंतीच्या कडेने अजून उंच, म्हणजे उठताना पायाला रेटा मिळतो. जागा पण मोठी केली, मधलं लाकडी फळ्यांचं पार्टिशन काढलं, कारण उठताना घोड्याला आधी मान आणि पुढचे पाय पुढे फेकायला लागतात, तेवढी जागा नसेल तर ते बसणारच नाही. थोड्याच दिवसांत ती सकाळी तूस अंगाला लागलेल्या अवस्थेत दिसायला लागली, आईला रडू आलं होतं ते बघून. तूस ओलं झालं की रोजच्या रोज काढा, मुताचा वास कोंडला की छाती धरते.

पावसाचं म्हणाल तर भिजलेलं अंग आणि वारा यापासून वाचवा, बाकी काही करता येत नाही. शेडच्या वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री लावा पण वरून हवा खेळती राहू द्या, सगळं गच्च बंद करू नका.

यॉर्कशायरची_ताई:

मी मूळची कोल्हापूरची, आता इंग्लंडमध्ये. मुलगी जिथे घोडेस्वारी शिकते तिथला एक जुना पोनी आम्हीच सांभाळायला घेतलाय, वेल्श जातीचा, वय मैनाच्याच आसपास, दोन्ही हॉक झिजलेत. इकडे म्हातारे पोनी घरोघरी असतात त्यामुळे लोकांना सवय आहे, काही गोष्टी इथून शिकले त्या सांगते.

इकडे दुखण्यासाठी फिनाइलब्युटाझोन सर्रास देतात, सगळे त्याला ब्यूट म्हणतात, पुडी खाण्यात मिसळायची. ते दिलं की घोड्याच्या पासपोर्टवर, म्हणजे त्याच्या ओळखीच्या पुस्तकात, हा प्राणी माणसाच्या खाण्यासाठी नाही अशी नोंद असावी लागते. आमच्या व्हेटचा नियम असा की सगळ्यात कमी किती डोसवर तो बरा राहतो ते शोधायचं आणि तेवढाच द्यायचा. त्यासाठी मी वही ठेवलीय, सकाळी पहिली पावलं कशी, आडवा झाला होता का, खाणं संपवलं का, बस एवढंच लिहायचं. रोज बघणाऱ्याला बदल कळत नाही, वहीत कळतो.

दुसरं म्हणजे कुशिंग. म्हाताऱ्या पोनींना हा आजार खूप होतो, मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी बिघडते. उन्हाळा आला तरी अंगावरचे लांब कुरळे केस गळत नाहीत, पाठीचे स्नायू उतरतात पण पोट सुटतं, पाणी आणि लघवी जास्त. रक्ताच्या तपासणीत कळतो. हे सांगायचं कारण, सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात ना, त्याने हॉकला चांगला आराम पडू शकतो, पण कुशिंगवाल्या किंवा जाड पोनीला त्याने लॅमिनायटिस होण्याची भीती असते. त्यामुळे इंजेक्शनच्या आधी डॉक्टरांना हा प्रश्न जरूर विचारा.

वाढलेल्या वजनाबद्दल कुणी बोललं नाही. बरगड्या दिसायला नकोत पण हात फिरवला की सहज लागल्या पाहिजेत, त्याच्यावर गेलं तर कमी करा, एवढा फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही असा माझा अनुभव आहे. सप्लिमेंटवर इथे लोक खूप पैसे घालतात, ग्लुकोसामाइन वगैरे, पण घोड्यांमध्ये त्याचा उपयोग होतो असा पक्का पुरावा नाही, मी बंद केलं. तुमच्याकडे जवस स्वस्त मिळतो, शिजवून थोडा द्या, ओमेगा-३ मिळतं आणि केसही छान होतात, फक्त त्याने सांधा बरा होईल ही अपेक्षा नको. आणि दात दाखवून घ्या, या वयात दाढा पडलेल्या असू शकतात, गवताचे चावून टाकलेले गोळे खाली सापडत असतील तर गवत बारीक कुट्टी करून भिजवून द्यायला लागेल.

वाई_घाटमाथा:

काय बोलू, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार. टेप घेऊन मोजलं, घेर १४५ आणि लांबी १३५, हिशोब २३९ किलोचा आला. वडील तिला तीनशे किलोची समजत होते, म्हणजे डोसही त्याच हिशोबाने गेला असता. नाडी शोधायला वेळ लागला पण सापडली, अगदी हलकी आहे, खूर थंड आहेत.

लाल मातीच्या ताई, तुम्ही म्हणालात तसं हात फिरवला. दोन्ही फेटलॉकवर समोरून रुपयाएवढी जागा, केस गेलेले, डाव्यावर खपली. आम्ही रोज खरारा करतो पण पाठ आणि मान, तिथे खाली कुणाचा हात जातच नव्हता. शेडमध्ये कोबा आहे. तूस आणायला आजच सांगितलंय.

केस लांब नाहीयेत, उन्हाळ्यात व्यवस्थित गळतात. वाढं आणि गूळ बंद केला. आता राहिले दोन प्रश्न. आजोबा डागाबद्दल अजून रोज बोलतात, त्यांच्या वेळी डाग दिलेले घोडे बरे झालेले त्यांनी पाहिलेत म्हणे. आणि वडिलांचं सीझनचं डोक्यातून जात नाही. त्यांना पैशाची हाव नाही हो, त्यांना वाटतं ती कामावर असताना खूश होती.

मेंढरामागं:

आमी बारामतीकडलं धनगर, पावसाळा सरला की मेंढरं घेऊन कोकणात उतरतो, बिऱ्हाड सगळं घोड्यांवर, भीमथडी तट्टं. तळ हालला की घोडं हालतं, त्यामुळं आमच्यातलं घोडं उभं राहून आखडत न्हाई. म्हातारी घोडी असली की तिच्यावर बिऱ्हाड घालत न्हाई, मोकळी चालती सगळ्यांबरोबर, चरत चरत, मागं राहिली तर पोरगं थांबतं तिच्यासाठी. चालणं सुटलं की ती संपती, हे आमची म्हातारी माणसं पण सांगतात. तुमच्या चुलत्यांना सांगा, आराम म्हंजी बांधणं न्हवं.

डागाचं सांगतो. आमच्यात पण देत्यात, मी लहानपणी लई बघितलंय. डाग दिला की घोडं महिनाभर हालवत न्हाईत, चारा पाणी जाग्यावर, मग बरं वाटतं ते त्या आरामानं आणि लोक म्हणत्यात डागानं बरं झालं. कातडी जळती, सांधा आत हाय तसाच राहतो. बिब्ब्यानं तर कातडं उलतं, माश्या बसून किडं पडलेलं बघितलंय, ते जनावर तिथंच तोंड घासून घासून रक्त काढतं. आजोबांना मालिश करायला सांगा, हात गरम करून मानंपासनं पाठीपर्यंत, सांध्यावर न्हाई तर त्याच्या वरच्या मांसावर. पुढचा पाय दुखतो तवा घोडं मान आन खांदा आवळून धरतं, तिथं हात फिरवला की डोळं मिटतं, खालचा ओठ सोडतं. आजोबांचा पण जीव रमंल आन तिला बी बरं वाटंल. हे खरंच करा.

पागेतला_डॉक्टर:

डागाबद्दल मेंढरामागं यांनी लिहिलंय त्याच्यापुढे मला काही जोडायचं नाही, अगदी हेच कारण आहे. रबर मॅटचा खर्च झेपत नसेल तर तूस दुप्पट घाला, चालेल.

सीझनबद्दल मात्र कडक लिहितो, वडिलांना वाचून दाखवा. दुखणं ही तिच्या सांध्याची राखण आहे, दुखतं म्हणून ती पाय जपून टाकते. इंजेक्शन देऊन तिला विश्रांतीच्या दिवसांत बरं वाटू देणं हा उपचार आहे. तेच इंजेक्शन देऊन पाठीवर माणूस बसवलं की ती जपणं सोडते आणि उरलेली कूर्चा एका सीझनमध्ये घासून काढते, वर उतारावर अडखळून पोराला घेऊन पडली तर ते वेगळंच. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमात वयामुळे किंवा आजारामुळे कामाला नालायक झालेल्या जनावराला कामाला लावणं हा गुन्हाच आहे. आणि ओझ्याच्या जनावरांचे १९६५ चे नियम धट्ट्याकट्ट्या तट्टालाही ७० किलोच्या वर ओझं घालू देत नाहीत. वडिलांचं म्हणणं मला समजतं, घोड्याला माणसांची आणि रोजच्या कामाची सवय लागते. मग सकाळी त्यांनीच तिला दावं धरून चालवून आणावं, रोज एकाच वेळी, एकाच रस्त्याने. तिला हवंय ते त्यातच मिळेल.

औषधाबद्दल एक राहिलं. गावात अजून कुणाकडे माणसांचं डायक्लोफिनॅक असतं आणि ते जनावराला टोचतात. जनावरांसाठी ते २००६ पासून बंद आहे, कारण ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडांची किडनी जाते, आपल्याकडची गिधाडं संपत आली ती त्यानेच. जनावरांसाठीच्या किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅक या पेनकिलरवरही २०२३ मध्ये बंदी आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे, ते सुचवण्याचं हेही एक कारण.

आणि आत्ताच ठरवून ठेवायची एक गोष्ट, त्या दिवशी घाईत ठरवायला लागू नये म्हणून. स्वतःहून उठता येत नाही, औषध देऊनही चालून मोकळी होत नाही, खाणं आणि माणसांकडे बघणं सोडलं, यातलं काही टिकून राहिलं तर डॉक्टरला बोलवून तिला शांतपणे झोपवणं हेच बरोबर असतं. तुम्ही अजून त्याच्या जवळपासही नाही आहात, तिची लक्षणं चांगली आहेत.

वाई_घाटमाथा:

वडिलांना वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग संध्याकाळी स्वतःच दावं घेऊन तिला ओढ्याकडे घेऊन गेले. शिरवळला न्यायचं ठरलंय. टेम्पोत चढवताना-उतरवताना सांध्यांना त्रास होऊ नये म्हणून काय करू? आणि आधी पेनकिलर देऊ का प्रवासासाठी?

पागेतला_डॉक्टर:

पेनकिलर देऊ नका, लंगडणं झाकलं गेलं तर तिथे काय बघणार. निघायच्या आधी अर्धा तास चालवा. बाकी चढवण्याचं खूर_आणि_नाल सांगतील, त्यांचा रोजचा अनुभव.

खूर_आणि_नाल:

फळी लावू नका, म्हातारं जनावर फळीवर घसरतं. रस्त्याकडेचा बांध किंवा उंचवटा बघा, टेम्पोचा मागचा भाग त्याला लावा म्हणजे जवळजवळ सपाटच चढता येतं. आत तूस नाहीतर ओलं पोतं अंथरा, नुसत्या पत्र्यावर उभी करू नका. तोंड पुढच्या बाजूला, दावं इतकं ढिलं की मान खाली घेता येईल, आणि ड्रायव्हरला सांगा ब्रेक हळू मारायचा, ब्रेकला तिचं सगळं वजन त्या दुखऱ्या पुढच्या पायावर येतं. उतरवताना मागे मागे ढकलत काढू नका, मागे सरकताना हॉकवर जोर येतो. टेम्पो रुंद बघा, आतच वळवून तोंड पुढे करून उतरवा. पोचल्यावर लगेच डॉक्टरांपुढे उभी करू नका, पाणी पाजा, थोडी चालवा. एक्स-रेचे फोटो मिळाले तर इथे टाका, खुराचा कोन बघून टोक किती घ्यायचं ते मी तुमच्या नालबंदाला फोनवर समजावून सांगेन.